पिकअपच्या चासीला गंज: वरून प्लेट मारायची की कापून काढायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बारा-चौदा वर्षांची पिकअप. पाटण भागात दूध, खताची पोती, अधूनमधून कुंभार्ली घाटातून मासळीच्या फेऱ्या. मागच्या उजव्या चाकाच्या वर, पाट्याच्या (लीफ स्प्रिंगच्या) हँगरपासून, म्हणजे पाटा चासीला टांगणाऱ्या ब्रॅकेटपासून, वीतभर पुढे, लाँग मेंबरला (चासीच्या लांबीच्या तुळईला) करंगळी जाईल एवढं भोक पडलंय आणि आजूबाजूचे पापुद्रे निघतायत. फॅब्रिकेशनवाला म्हणतो, वरून पाच एमएमची प्लेट मारून देतो, दोन तासांचं काम. मारावी का? आरटीओच्या फिटनेस तपासणीला अडचण येईल का?

वरून प्लेट मारू नका. भोक झाकलं जाईल, पण गंजलेला पत्रा आड तसाच राहील, दोन पत्र्यांच्या मधे पाणी धरून बसेल आणि पुढच्या वेळी बाहेरून दिसणारही नाही. दुसरं म्हणजे चौकोनी प्लेट जिथे संपते तिथे चासी एकदम कडकची मऊ होते. भरलेली गाडी खड्ड्यात आपटली की नेमकी तिथेच, वेल्डिंगच्या कडेला चीर धरते. पाच एमएमची जाड प्लेट चार एमएमच्या चासीवर मारली तर हा दोष कमी होत नाही, वाढतो. तुमच्या गाडीचं काम होण्यासारखं असू शकतं, पण ते हौदा उतरवून करायचं दोन-तीन दिवसांचं काम आहे, दोन तासांचं नाही.

भोक हा गंजाचा सगळ्यात छोटा भाग असतो. भोकाभोवती हातभर अंतरात पत्रा किती उरलाय, यावर सगळं ठरतं. म्हणून आधी मोजणी.

गाडी सपाट, पक्क्या जागेवर घ्या. पाव किलोची हातोडी आणि जाडा स्क्रू ड्रायव्हर पुरतो. केबिनखालून सुरुवात करून मागच्या बंपरपर्यंत दोन्ही लाँग मेंबर वीतवीत अंतरावर ठोकत जा. चांगला पत्रा खणकतो आणि हातोडी उसळते. खाल्लेला पत्रा भद्द वाजतो, हातोडी बसते. संशय येईल तिथे स्क्रू ड्रायव्हर टेकवून जोर द्या, पापुद्रे सुटले तर सुटू द्या. खडूने खुणा करत चला. नेहमी सापडणाऱ्या जागा अशा: मागच्या धुऱ्यावर चासी वर चढते ती कमान, पाट्याचे पुढचे-मागचे हँगर आणि त्यांच्या रिबिटांची रांग, हौद्याचे आडवे चॅनेल चासीवर टेकतात त्या जागा, बॅटरीच्या ट्रेखालचा भाग आणि दोन पत्रे एकावर एक आहेत अशी प्रत्येक जागा. आपल्याकडे हौदा आणि चासीच्या मधे लाकडी पट्टी किंवा जुन्या टायरचं रबर घालायची पद्धत आहे. ती पट्टी पावसाळाभर ओली राहते. खालून बघितलं तर चासी चांगली दिसते, हौदा उचलला की वरचा फ्लँज, म्हणजे चॅनेलची आडवी पट्टी, कागद झालेला असतो. खालून बघून दिलेला अंदाज म्हणूनच फसतो.

जाडी मोजायची ती अशी. सी आकाराच्या चॅनेलच्या फ्लँजची कड व्हर्नियरच्या तोंडात येते, पण आधी दोन्ही बाजू चिपिंग हॅमरने आणि वायर ब्रशने पांढऱ्या धातूपर्यंत घासा, नाहीतर गंजाचीच जाडी मोजली जाते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा घेतो. पत्रा फुगून सहा एमएम भरतो आणि आत लोखंड दोनच एमएम असतं. वेबच्या, म्हणजे चॅनेलच्या उभ्या भिंतीच्या, मधे व्हर्नियर पोचत नाही. तिथे अल्ट्रासॉनिक गेज वापरतात. कुपवाड किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत टाक्या, बॉयलरची तपासणी करणाऱ्यांकडे तो असतो. गेज नसेल तर वेबच्या बरोबर मध्यावर तीन एमएमचं भोक पाडून, वाकवलेल्या तारेचा आकडा पलीकडच्या कडेला अडकवून जाडी घेता येते. वेबच्या मध्यावर वाकण्याचा ताण सगळ्यात कमी असतो, म्हणून हे भोक चालतं आणि नंतर वेल्डिंगने भरताही येतं. फ्लँजला मात्र कधीही भोक पाडू नका. मूळ जाडी पुस्तकात शोधत बसण्यापेक्षा त्याच मेंबरवर, केबिनखाली तेलकट राहून वाचलेल्या जागी मोजा. बहुतेक पिकअपना ती तीन ते साडेचार एमएमच्या दरम्यान मिळते.

आता निर्णय. मूळ जाडीच्या दहा टक्क्यांपर्यंत घट असेल तर घासायचं आणि रंगवायचं, वेल्डिंगचं नाव नको. दहा ते पंचवीस टक्के घट वेबमध्ये असेल आणि जवळ हँगर नसेल तर तीही रंगावर निभते. तेवढीच घट फ्लँजमध्ये असेल तर आतून आधार द्यावा. पंचवीसच्या पुढे कापून काढायचं. हे आकडे कुठल्या सरकारी नियमातले नाहीत, कामातली पट्टी आहे, पण तिच्या मागे कारण आहे. चासी वाकते तेव्हा जवळजवळ सगळा भार फ्लँज घेतात. वेब त्यांना एकमेकांपासून धरून ठेवतो. वेबमधलं रुपयाएवढं भोक गाडी वर्षानुवर्षं सोसते आणि फ्लँजच्या कडेची बोटाच्या पेराएवढी खाच तिला मोडते. दोन धुऱ्यांच्या मधे खालचा फ्लँज ताणात असतो. मागच्या धुऱ्यावर आणि मागे लटकणाऱ्या भागात उलटं होतं, तिथे वरचा फ्लँज ताणात जातो. तुमचं भोक याच भागात आहे, म्हणून वरच्या फ्लँजकडे जास्त लक्ष द्या.

काही ठिकाणी हात घालूच नये. स्टिअरिंग बॉक्स जिथे बसतो तिथली चासी, पुढच्या सस्पेंशनच्या आर्मचे माउंट, आणि दोन्ही लाँग मेंबर एकाच रेषेत, मागच्या कमानीवर खलास झालेले असतील तर ती जागा. आधी कोणी दोन थर प्लेटा मारून ठेवल्या असतील आणि त्यांच्या खालून पुन्हा पापुद्रे निघत असतील, तरी थांबा. अशा गाडीला दुसरी चासी किंवा भंगार एवढेच दोन रस्ते आहेत. चासी बदलायची तर आधी आरटीओची परवानगी लागते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीत बदल करण्याबद्दल तरतूद आहे. मागून कागद नीट करून घेऊ म्हणाल तर चासी नंबर जुळत नाही म्हणून गाडी अडकून पडते.

फिटनेसबद्दलही इथेच सांगतो. माल वाहणाऱ्या गाडीला आठ वर्षं झाली की फिटनेस दरवर्षी करावं लागतं. गाडी एमएच ११ ची असो, कराडच्या एमएच ५० ची की सांगलीच्या एमएच १० ची. नीट दुरुस्त केलेली चासी म्हणून अडचण येत नाही. अडचण येते ती चासी नंबर वाचता आला नाही तर. नंबर ठोकलेल्या जागेवर ग्राइंडर, ब्लास्टिंग, पुट्टी, जाड रंग काहीही नको. तिथे हलका वायर ब्रश, ग्रीस आणि वर टेप. त्या जागेपासून वीतभर अंतरात वेल्डिंग करायची वेळ येत असेल तर आधी आरटीओत जाऊन विचारा. आणि कामाचे आधीचे, मधले, नंतरचे फोटो ठेवा. उद्या विम्याचा दावा करताना किंवा गाडी विकताना तेच बोलतात.

गंज एवढा का लागला हे कळलं नाही तर दुरुस्ती टिकणार नाही. पाऊस एकटा एवढं करत नाही. महाबळेश्वर-कोयनेच्या पट्ट्यात पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, पण तिथल्याच भात वाहणाऱ्या गाडीची चासी खत वाहणाऱ्या गाडीपेक्षा चांगली राहते. खरा शत्रू क्लोराइड आहे. मासळीच्या पेट्यांतून गळणारं मिठाचं पाणी तर उघडच आहे, पण लाल पोटॅश, म्हणजे म्युरेट ऑफ पोटॅश, हेही पोटॅशियम क्लोराइडच असतं. फाटक्या पोत्यातलं पोटॅश हौद्याच्या फटीतून चासीवर पडतं, हवेतली ओल ओढतं आणि उन्हाळ्यातसुद्धा पत्रा खात राहतं. कोंबडखत आणि मळीही त्याच वाटेवरची. क्लोराइड गंजाच्या थरात मुरतं. वरून ब्रश मारून रंग दिला तरी आत काम चालू राहतं आणि सहा महिन्यांत रंगाला फोड येतात. म्हणून घासण्याआधी दोन वेळा आणि घासल्यावर एकदा, भरपूर गोड्या पाण्याने, प्रेशर वॉशरने धुवा. बंद पेटीच्या भागात नळी घालून गढूळ पाणी येणं थांबेपर्यंत सोडा.

सांगली-मिरज भागातली जुनी पिकअप विकत घेणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णेच्या पुरात अनेक गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा गाडीच्या बंद मेंबरमध्ये बारीक गाळ बसलेला असतो. तो निचऱ्याची भोकं बंद करतो आणि पत्रा आतून खात राहतो. बाहेरचा रंग नवा कोरा दिसेल. निचऱ्याच्या भोकात तार घाला. तारेला काळसर चिखल लागला तर आत काय चाललंय ते कळतं.

आता काम. हौदा यू-बोल्टवर असतो. बोल्ट गंजलेले निघणारच, ते कापून नवे घ्यायचे असंच धरून चाला. हौदा चेन ब्लॉकने उचलून बाजूला ठेवा. हौदा वर ठेवून खालून वेल्डिंग केलं तर वरचा फ्लँज दिसत नाही, आणि आपली अर्धी लढाई तिथेच आहे. बॅटरीच्या दोन्ही तारा काढा, अल्टरनेटरचं कनेक्शन काढा, कॉमन रेल (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या डिझेल इंजिनची) गाडी असेल तर ईसीएमचे, म्हणजे त्या कॉम्प्युटरचे, कनेक्टरही. वेल्डिंगची अर्थ क्लॅम्प कामापासून हातभर अंतरात, घासलेल्या लोखंडावर. ती दूर लावली तर करंट व्हील बेअरिंगमधून किंवा वायरिंगमधून वाट काढतो. डिझेलची टाकी उतरवायचीच. रिकामी आहे म्हणून ठेवू नका, रिकाम्या टाकीतली वाफच जास्त धोक्याची. ब्रेकच्या नळ्या, लोड व्हॉल्व्ह, वायरिंगचा गुच्छ क्लिपातून सोडून ओल्या गोणपाटात नव्हे, तर वेल्डिंग ब्लँकेटमध्ये गुंडाळून बाजूला बांधा. ब्रेकची स्टीलची नळी उघडी करून बघा. चासी एवढी खाल्ली असेल तर क्लिपाखाली नळीही खाल्लेली असते. बदलून टाका.

चासीवर जळक्या ऑइलचे थर असतील तर ते खरवडून आणि डिग्रीझरने धुऊन काढल्याशिवाय ठिणगी पाडू नका. धुण्यासाठी क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर वापरू नये. त्याचा अंश राहिलेल्या जागी आर्क लावला तर फॉस्जीनसारखा विषारी वायू तयार होतो. पावडरचा अग्निशामक हाताशी आणि काम संपल्यावर तासभर गाडीजवळ माणूस हवा.

कापण्याआधी गाडी लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) घ्या, जॅकवर नाही. दोन्ही मेंबरना कापायच्या जागेच्या पुढे-मागे असा आधार द्या की कापल्यावर कोणतंही टोक खाली बसणार नाही. मग दोन्ही मेंबरवरच्या सारख्या भोकांपासून कर्ण मोजा, पुढच्या उजव्यापासून मागच्या डाव्यापर्यंत आणि उलट. फरक तीन एमएमच्या आत हवा. तो आकडा चासीवरच खडूने लिहा. कापायच्या जागेवर ५० बाय ५० बाय ६ चा मीटरभर अँगल आडवा धरून, चांगल्या लोखंडावर दोन्ही टोकांना टॅक करा, म्हणजे वेल्डिंगच्या छोट्या टाक्यांनी धरून ठेवा. हा अँगल शेवटपर्यंत काढायचा नाही. तो नसेल तर टाक्याटाक्याला चासी ओढली जाते. मग पाटा तिरका बसतो, गाडी खेकड्यासारखी चालते आणि टायर खाते.

ग्राइंडरवर एक एमएमची कटिंग डिस्क लावून कापा. गॅस कटर नको, त्याने पत्रा लांबवर तापतो आणि कड ओबडधोबड होते. पांढरा, पूर्ण जाडीचा पत्रा लागेपर्यंत मागे या. भोक करंगळीएवढं असलं तरी कापलेला तुकडा हातभर निघाला तर नवल वाटू देऊ नका. वेबवरचा काप सरळ उभा न घेता ४५ अंशात तिरका घ्या, आणि वरच्या फ्लँजचा जोड आणि खालच्या फ्लँजचा जोड एका रेषेत येणार नाहीत असं बघा. आतले कोपरे टोकदार ठेवू नका, दहा-बारा एमएमची गोलाई द्या. टोकदार कोपरा म्हणजे चिरेला आमंत्रण.

नवा पत्रा मूळ जाडीचाच. कारखान्याच्या चासीचं लोखंड बहुतेक वेळा साध्या एमएसपेक्षा ताकदवान असतं. दुकानात सहज मिळणारी आयएस २०६२ ची ई२५० प्लेट म्हणजे २५० मेगापास्कल यील्डची (एवढ्या ताणानंतर ती कायमची वाकायला लागते). त्याऐवजी ई३५० मागा. कराड, सांगलीच्या स्टील व्यापाऱ्यांना सांगून ठेवली तर मिळते. बिलावर ग्रेड लिहून घ्या. भंगारातली प्लेट, जुन्या ट्रॉलीचा चॅनेल नको, कारण ते कशाचं बनलंय ते कोणालाच माहीत नसतं. पाट्याचा तुकडा तर अजिबात नको. पाटा जास्त कार्बनचा असतो, वेल्डिंगच्या कडेने काचेसारखा तडकतो. वजनाचा हिशेब सोपा: चार एमएमची प्लेट चौरस मीटरला ३१.४ किलो. ६०० बाय ३०० चा तुकडा साधारण ५.७ किलो भरतो. अशा एका बाजूच्या कामाला, आधाराच्या पत्र्यासकट, बारा ते पंधरा किलो लोखंड धरा.

आधाराचा तुकडा म्हणजे जुन्या सी च्या आत बसणारा छोटा सी. तो प्रेस ब्रेकवर वाकवून घ्या, हातोडीने नाही. माप असं काढायचं: जुना चॅनेल बाहेरून १२० एमएम उंच आणि पत्रा ४ चा असेल तर आत ११२ राहतात. आतला सी बाहेरून १११ चा करा. खरी चूक कोपऱ्यात होते. जुन्या चॅनेलच्या आतल्या कोपऱ्याला सहा-एक एमएमची गोलाई असते. नव्या सी चा बाहेरचा कोपरा त्याहून टोकदार असला तर तो कोपऱ्यात अडकतो आणि वेबवर दोन-तीन एमएमची फट राहते. ती फट वेल्डिंगने भरून काढायची म्हणजे गंजाला घर बांधून देणं. म्हणून नव्या सी ची आतली गोलाई चार एमएम सांगा. पत्र्याचे चार मिळून बाहेर आठ होतात आणि तुकडा वेबला चिकटून बसतो. लांबी जोडाच्या दोन्ही बाजूंना किमान दीडशे एमएम पुढे जाईल एवढी. टोकं सरळ कापू नका. वेबवर टोक माशाच्या शेपटीसारखं आत कापा आणि फ्लँजवर निमुळतं होत जाऊ द्या, म्हणजे कडकपणा हळूहळू संपतो.

दोन पत्रे एकमेकांवर बसणार त्या दोन्ही बाजूंना वेल्ड-थ्रू, म्हणजे वेल्डिंग सोसणाऱ्या, झिंक प्रायमरचा पातळ हात मारा आणि जिथे टाका पडणार तेवढी जागा पुसून घ्या.

वेल्डिंगला सीओटू मशीन असेल तर ईआर७०एस-६ वायर, ०.८ किंवा १.० एमएम, चार एमएमच्या पत्र्याला १३० ते १६० अँपिअर, गॅस मिनिटाला १२ ते १५ लिटर. या मशीनचा एक धोका असा की कमी करंटवर टाका देखणा दिसतो पण खाली चिकटलेला नसतो. म्हणून त्याच प्लेटचे दोन उरलेले तुकडे त्याच सेटिंगवर जोडा, वाइसमध्ये धरा आणि हातोड्याने वाकवून मोडा. जोड सोलून निघाला तर करंट वाढवा. पत्रा फाटला किंवा वाकला पण टाका शाबूत राहिला तरच गाडीला हात लावा. उघड्यावर वारा असेल तर गॅस उडून टाक्यात छिद्रं पडतात, ताडपत्रीचा आडोसा करा. रॉडने करायचं तर ई७०१८, म्हणजे लो हायड्रोजन रॉड, डीसी मशीनवर, रॉड पॉझिटिव्हला. २.५ एमएमला ७० ते १००, ३.१५ ला १०० ते १४० अँपिअर. डोक्यावरचा टाका २.५ नेच घालावा. पाकीट फोडून पावसाळ्यात पडून राहिलेला रॉड दमट झालेला असतो. तो ३०० अंशांच्या आसपास तासभर भाजून घ्या किंवा सीलबंद पाकीट आणा. नेहमीचा ई६०१३ रॉड साध्या एसी मशीनवर छान चालतो. ई२५० च्या हौद्याला, बंपरला तो ठीक, लाँग मेंबरच्या जोडाला नको.

जोडाच्या दोन्ही कडांना तीस-तीस अंशांचा उतार द्या, खाली एक एमएम कड शिल्लक ठेवा, मधे दोन एमएमची फट ठेवा. आधी चारी बाजूंनी टॅक, मग पुन्हा कर्ण मोजा. आकडा हलला नसेल तर पुढे. एका वेळी चार-पाच सेंटिमीटरचा टाका, मग उडी मारून समोरच्या बाजूला. हात लावता येईल इतकं निवल्यावरच पुढचा टाका. पाणी ओतून थंड करू नका. फ्लँजवर टाका कडेपाशी सुरू किंवा बंद झाला तर तिथे खड्डा राहतो आणि चीर तिथूनच निघते. त्यासाठी कडेला छोटा भंगार तुकडा टॅक करून टाका त्याच्यावर नेऊन संपवा, मग तो कापून कड लांबीच्या दिशेने फ्लॅप डिस्कने साफ करा. पूर्ण जोड दोन्ही बाजूंनी सपाट घासून घेतल्यावरच आतला सी बसवा.

आतल्या सी ला चहूबाजूंनी सलग वेल्डिंग नको. वेबमध्ये बारा एमएमची भोकं नागमोडी रांगेत, सत्तर-एक एमएम अंतरावर पाडून त्यातून प्लग वेल्ड घाला. लांबीच्या कडेने चाळीस एमएम टाका, चाळीस मोकळे. फ्लँजवर आडवा टाका कुठेही नाही, आणि फ्लँजच्या कडेपासून वीस एमएमच्या आत टाका नाही. माशाच्या शेपटीची टोकं मोकळी सोडायची. ‘टोकाला अजून दोन टाके मारतो, मजबुतीला’ असं वेल्डर म्हणेल. त्याला थांबवा.

हँगरच्या रिबिटा सैल असतील तर हँगर चासीला वेल्ड करू नका. तो काढता-घालता येणारा भाग आहे आणि तिथली चासी सर्वात जास्त हलते. रिबिटाचं डोकं घासून, मधे ड्रिल मारून, पंचाने ठोकून काढा. भोक अंडाकृती झालं असेल तर रीमरने पुढच्या मापाचं गोल करा. बोल्ट ८.८ किंवा १०.९ ग्रेडचा, आणि असा की भोकात येणारा भाग आट्याशिवाय गुळगुळीत असेल. भोक बोल्टपेक्षा फार तर अर्धा एमएम मोठं. लॉकनट घाला. एम१२ ला ८.८ ग्रेडमध्ये ८० न्यूटन-मीटरच्या आसपास, १०.९ मध्ये ११५ च्या आसपास टॉर्क. बोल्टचं डोकं वेल्ड करून पक्कं करायची सवय मोडून काढा, उष्णतेने बोल्टची ताकद जाते.

गंज काढायला ब्लास्टिंगसारखं दुसरं काही नाही. हौदा उतरवलेला असेल तर मागची अर्धी चासी जागेवरच करून घेता येते. नदीची वाळू वापरू देऊ नका, त्या धुळीने फुप्फुसं कायमची जातात. कॉपर स्लॅग किंवा गार्नेट सांगा. काहीजण मिठाच्या तेजाबाने गंज उतरवतात. ते हायड्रोक्लोरिक ॲसिड, म्हणजे पुन्हा क्लोराइडच. ते सांध्यात शिरतं आणि तिथेच राहतं. रस्ट कन्व्हर्टर फॉस्फोरिक किंवा टॅनिक ॲसिडचा असतो. घट्ट बसलेल्या पातळ गंजावर तो चांगला चालतो, पापुद्र्यावर त्याचा उपयोग नाही, कारण तो थराच्या तळापर्यंत पोचत नाही.

रंगात दुकानदार रेड ऑक्साइड पुढे करेल. तो घराच्या ग्रिलला ठीक. चासीला दोन भागांचा इपॉक्सी झिंक फॉस्फेट प्रायमर घ्या. हिशेब करा: पिकअपच्या दोन्ही लाँग मेंबरचं आतबाहेरचं मिळून चारेक चौरस मीटर आणि क्रॉस मेंबर (त्यांना जोडणारे आडवे दुवे) धरून पाच ते सहा चौरस मीटर क्षेत्र होतं. प्रत्यक्षात लिटरला सहा चौरस मीटर एक हात निघतो, म्हणजे दोन हातांना दोन लिटर. वर काळा इपॉक्सी किंवा पीयू (पॉलियुरेथेन) दोन हात. हार्डनर मोजूनच घाला, अंदाजे नाही. घासलेल्या पत्र्यावर त्याच दिवशी पहिला हात गेला पाहिजे. ढगाळ हवेत चार तासांत पत्र्यावर पुन्हा पिवळी झाक येते. आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर थांबा. साताऱ्याच्या पश्चिम भागात जून ते सप्टेंबर हे काम करूच नये. मार्च-एप्रिल बरा, आणि त्या वेळी खताचा हंगामही नसतो.

रंग वाळल्यावर सांध्यांच्या वरच्या आणि बाजूच्या कडांना पीयू सीलंट. खालची कड मोकळी ठेवा, पाणी शिरलंच तर निघायला वाट हवी. बंद भागात आणि दोन सी च्या मधल्या फटीत कॅव्हिटी वॅक्स लांब नळीच्या, चहूबाजूंनी फवारणाऱ्या नोझलने सोडा, खालच्या भोकातून थेंब टपकेपर्यंत. मग निचऱ्याची भोकं तारेने मोकळी करा, वॅक्सनेच ती बुजलेली असतात. डांबरी अंडरकोटिंग नको. ते एकदा तडकलं की आत पाणी धरतं आणि खाली काय चाललंय ते झाकून ठेवतं. सर्व्हिसिंगवाला जळकं ऑइल फवारतो तेही नको. त्याने रबरी बुश फुगतात, धूळ चिकटते आणि पुढे कधी वेल्डिंग-रंगाची वेळ आली तर दोन दिवस ते काढण्यातच जातात.

हौदा परत बसवताना लाकडी पट्टीऐवजी नायलॉन किंवा पाणी न पिणाऱ्या घट्ट रबराचे, तीन-चार इंचांचे तुकडे घाला. सलग पट्टी नको, मधून पाणी वाहून जाऊ दे. यू-बोल्ट जुन्या खुणांवर घट्ट करा, दुरुस्त केलेल्या भागाच्या टोकावर एकही यू-बोल्ट येऊ देऊ नका. फ्लँज चेपू नये म्हणून यू-बोल्टखाली चॅनेलमध्ये लाकडाचा ठोकळा घालतात, तोही ओल धरतो. त्याजागी स्टीलच्या पाइपचा तुकडा ठेवा.

पहिले शंभर-दीडशे किलोमीटर निम्म्या भाराने चालवा, मग सगळे बोल्ट पुन्हा टॉर्कने तपासा. पाचशे किलोमीटरनंतर टॉर्च घेऊन आतल्या सी च्या चारी टोकांकडे बघा. चीर आली तर आधी रंगावर केसाएवढी तपकिरी रेघ दिसते. दिसली तर तिच्यावर टाका ओढू नका. चिरेचं खरं टोक शोधून तिथे सहा-आठ एमएमचं भोक पाडा म्हणजे ती पुढे धावणार नाही, आणि गाडी रिकामी आणून भार कुठून येतोय ते पुन्हा तपासा. बहुतेक वेळा कारण पाट्यात सापडतं: एक पान तुटलेलं असतं, शॅकल (पाट्याच्या टोकाचा झुलता दुवा) जाम झालेला असतो, किंवा दीड टनाच्या गाडीत अडीच टन पोती भरलेली असतात.

खत किंवा मासळीची फेरी झाली की त्याच दिवशी हौद्याखालून, चासीच्या वरच्या फ्लँजवरून पाणी मारा. पाच मिनिटं पुरतात. हौद्याच्या पत्र्याच्या फटी सीलंटने बंद करा आणि हौद्याला मागे एक निचरा-पाइप काढून तो चासीच्या बाहेर, बंपरच्या मागे सोडा. मासळी नेणाऱ्यांनी पेट्यांखाली कडा वळवलेला प्लॅस्टिकचा ट्रे घालावा, कारण बर्फाचं पाणी हँगरच्या बरोबर वर ठिबकतं.